सायबर सिक्युरिटी मायनर, मेजर कुठलाही असो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सेमिस्टरच्या सुरुवातीला हेच प्रश्न येतात. प्रश्न चांगले असतात, पण उत्तरं लॅबच्या दारात उभ्या उभ्या दिली जातात, म्हणून इथे निवांत लिहून ठेवतेय. मी स्वतः स्टॅटिस्टिक्स मेजर आणि सायबर सिक्युरिटी मायनर केलं आणि आता याच मायनरच्या लॅब घेते, त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

मायनर म्हणजे नेमकं किती ओझं असतं?

ज्या विषयात तुमची डिग्री होणार तो मेजर, आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या एका विषयाचे ठरलेले कोर्स पूर्ण केले की तो मायनर. बहुतेक ठिकाणी ५ किंवा ६ कोर्स असतात, साधारण १५ ते २० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला एक आणि एखाद्या सेमिस्टरला दोन असं धरलं तर तीन वर्षांत होऊन जातं. नियम प्रत्येक युनिव्हर्सिटीचे वेगळे असतात, त्यामुळे ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचाराच: मेजरमधला एखादा कोर्स मायनरमध्येही धरतात का, कुठल्या कोर्सआधी कुठला करावा लागतो, आणि कुठला कोर्स वर्षातून एकदाच असतो. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि शेवटच्या वर्षी नेमका तोच नडतो, नेटवर्क सिक्युरिटी एकाच सेमिस्टरला असते आणि त्याच वेळेला मेजरची लॅब, असं अडकलेलं कोणी ना कोणी दर वर्षी माझ्याकडे येतं.

हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम नाही का? माझा मेजर पूर्ण वेगळा आहे.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर मी एका गोष्टीनेच देते. १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ होता, त्याच्या ग्रँटचे पैसे संपले म्हणून त्याला कॉम्प्युटर विभागात बसवलं. तिथे मशीन कोणी किती वापरली याचा हिशेब ठेवत असत, आणि त्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. फक्त ७५ सेंट! दुसरा कोणी असता तर सोडून दिलं असतं, पण आकाशातल्या बारीकशा बदलाचा पिच्छा पुरवायची सवय असलेल्या माणसाला तो फरक स्वस्थ बसू देईना. शोधता शोधता कळलं की कोणीतरी बाहेरून चोरून आत शिरतंय, मग त्याने बाहेरून येणाऱ्या लाइनींना प्रिंटर जोडले, घुसखोराचा प्रत्येक शब्द कागदावर उतरवला, रोजची नोंदवही ठेवली, खोट्या सरकारी फाइलींचं आमिष लावलं, आणि जवळजवळ वर्षभराच्या पाठलागानंतर माग निघाला पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये. तो घुसखोर अमेरिकी लष्करी कॉम्प्युटरांतली माहिती काढून सोव्हिएत गुप्तचर संस्थेला विकत होता, १९९० मध्ये तो दोषी ठरला.

आता यात कॉम्प्युटर सायन्स किती आणि खगोलशास्त्राने लावलेली शिस्त किती, तुम्हीच बघा.

त्याच्याही कितीतरी आधी, अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात तस्करांचे गुप्त संदेश फोडणाऱ्या एलिझाबेथ फ्रीडमन यांचं शिक्षण इंग्रजी साहित्यातलं होतं. शब्दांची ठेवण, अक्षरांची पुनरावृत्ती, कुठला शब्द कुठे येऊ शकतो, हे त्यांना कळायचं. तेव्हा हा प्रांत तुमचा नाही असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

मग माझ्या मेजरला याचा उपयोग काय? सरळ सांगा.

सरळ सांगते. चोर येतो तो काहीतरी मौल्यवान आहे म्हणून येतो, आणि तुमच्या क्षेत्रात मौल्यवान काय, ते कुठे ठेवलेलं असतं, कोणाच्या हातातून जातं, कामाच्या घाईत लोक कुठली पायरी गाळतात, हे सिक्युरिटीवाल्याला बाहेरून कळत नाही. तुम्हाला कळतं. मायनरची सगळी ताकद इथे आहे. कोरडा मायनर घेतला आणि मेजरशी जोडलाच नाही तर मार्कशीटवर एक ओळ वाढते, बाकी काही नाही.

अकाउंटिंग किंवा फायनान्सवाल्यांनी २०१६ च्या फेब्रुवारीतली बांगलादेश बँकेची चोरी नीट अभ्यासावी. चोरांनी बँकेच्या कॉम्प्युटरमधून स्विफ्टवर, म्हणजे जगभरच्या बँका एकमेकींना पैशांचे आदेश पाठवतात त्या यंत्रणेवर, पैसे पाठवायचे खोटे आदेश दिले, जवळजवळ एक अब्ज डॉलरचे, आणि त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोचले. श्रीलंकेकडे पाठवलेले २ कोटी का वाचले माहितीये? पैसे घेणाऱ्या संस्थेच्या नावात ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलं होतं आणि मधल्या बँकेतल्या कोणाला तरी ते खटकलं. आणि चोरांनी वेळ कुठली धरली, तर एका देशात सुट्टी, दुसऱ्या देशात शनिवार-रविवार, तिसरीकडे सण, अशी की कोणी कोणाला फोन करून खात्रीच करू शकणार नाही. हे सगळं फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या, पलीकडचं आहे. एका माणसाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, ताळा रोज बघायचा, हे अकाउंटिंगवाले पहिल्या वर्षात शिकतात.

पत्रकारितावाल्यांसाठी २३ एप्रिल २०१३ ची गोष्ट. असोसिएटेड प्रेसचं ट्विटर खातं चोरीला गेलं, त्यावरून व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याची खोटी बातमी गेली आणि काही मिनिटांत अमेरिकी शेअर बाजार शंभराहून जास्त अंकांनी कोसळला, मग बातमी खोटी आहे कळल्यावर लगेच सावरला. सुरुवात कशी झाली, तर त्याआधी तिथल्या लोकांना आलेल्या फिशिंगच्या मेलमधून, म्हणजे ओळखीच्या असल्यासारखं भासवून पासवर्ड काढून घेणाऱ्या मेलमधून. ज्याला बातमीदारीही कळते आणि खातं कसं जातं तेही कळतं, असा माणूस प्रत्येक न्यूजरूमला हवा आहे.

नर्सिंग, फार्मसी, बायोमेडिकलवाले म्हणतात आमचा काय संबंध. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांसाठी सॉफ्टवेअर अपडेट द्यावं लागलं, कारण जवळून रेडिओ सिग्नलने त्यात ढवळाढवळ करता येण्याजोगी कमजोरी सापडली होती. पेशंटच्या छातीत बसवलेली वस्तू! फोन अपडेट करताना बंद पडला तर आपण वैतागतो, इथे अपडेट फसलं तर काय, ते कुठे करायचं, शेजारी कोण उभं असायला हवं, पेशंटला कुठल्या शब्दांत सांगायचं, हे प्रश्न प्रोग्रामर एकटा सोडवू शकत नाही.

सायकॉलॉजी आणि डिझाइन, तुमच्यासाठी तर खाणच आहे. १९९९ मध्ये एक छोटासा अभ्यास झाला, १२ जणांना मेल गुप्त करून पाठवायचं सॉफ्टवेअर दिलं, दीड तास दिला, आणि फक्त एक तृतीयांश लोकांना ते नीट जमलं. गणित पक्कं होतं, सॉफ्टवेअर चालत होतं, माणसांनाच ते उमगत नव्हतं. पासवर्डचंही तसंच. वर्षानुवर्षं ऑफिसांनी दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावला आणि लोकांनी शेवटचा आकडा एकाने वाढवला, दुसरं काही केलं नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये मार्गदर्शन बदललं, उगाच ठराविक दिवसांनी बदलायला लावू नका, लांब पासवर्ड ठेवू द्या आणि चोरीला गेल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला. माणसाच्या स्वभावाचा अभ्यास आधी झाला असता तर इतकी वर्षं वाया गेली नसती असं मला मनापासून वाटतं.

अर्थशास्त्रवाल्यांना एकच प्रश्न देते: घर जळतं एकाचं आणि विस्तव सांभाळायची जबाबदारी दुसऱ्याची, तर तो सांभाळेल का? केंब्रिजच्या रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये हेच मांडलं, की सिस्टिम बऱ्याचदा तांत्रिक कारणाने फुटत नाहीत, राखणाऱ्याला राखायचा फायदा नसतो म्हणून फुटतात. यावर अख्खी ज्ञानशाखा उभी राहिली.

कायदा शिकणाऱ्यांना वेगळं सांगायला नकोच. भाषा शिकणाऱ्यांना एवढंच सांगते की फिशिंगची मेल ही शेवटी भाषेचीच करामत असते.

स्टॅटिस्टिक्सचा आणि याचा काय संबंध? तुम्ही स्वतः तेच केलंय म्हणून विचारतो.

हा प्रश्न आला की मला फळा लागतो. समजा एका ऑफिसच्या नेटवर्कवर दिवसाला १० लाख नोंदी होतात आणि त्यातल्या १०० खरोखर हल्ल्याच्या आहेत. तुमच्याकडे ९९ टक्के अचूक यंत्र आहे, म्हणजे शंभरातले ९९ हल्ले पकडतं आणि चांगल्या नोंदीला फक्त १ टक्का वेळा चुकून वाईट म्हणतं. छान वाटतं ना? आता मोजा. खरे पकडले ९९. चांगल्या नोंदी ९ लाख ९९ हजार ९००, त्यांचा १ टक्का म्हणजे ९,९९९ खोट्या घंटा. दिवसाला दहा हजारांवर घंटा आणि त्यातली शंभरात जेमतेम एक खरी. बसा आता शोधत.

लांडगा आला रे आला असं रोज ऐकणारा माणूस तिसऱ्या दिवशी घंटा बघायची सोडतो, त्यात त्याचा आळस नसतो. २०१३ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली, तेव्हाही इशारे आलेले होते, वेळेत हालचाल झाली नाही. आणि चोर आत शिरले होते ते एअर कंडिशनिंगचं काम करणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदाराच्या लॉगिनने. ही गोष्ट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बेझचा नियम, म्हणजे वरच्या घंटांच्या हिशेबामागचा संभाव्यतेचा नियम, परीक्षेपुरता नाहीये, आणि मग मी प्रोजेक्टही त्यावरच केला.

नेमकं शिकवतात काय?

सगळीकडे थोडा फरक असतो पण गाभा सारखाच. पहिला कोर्स ओळखीचा, त्यात तीन शब्द डोक्यात बसतात: गोपनीयता, अखंडता, उपलब्धता. माहिती नको त्याने बघू नये, नको त्याने बदलू नये, आणि हवी तेव्हा हव्या त्याला मिळावी. वाचायला सोपं आहे, पण तिन्ही एकदम सांभाळताना ओढाताण होते. हॉस्पिटलमध्ये रेकॉर्डला इतकी कुलपं लावली की इमर्जन्सीत डॉक्टरलाच उघडेना, मग ती सुरक्षा कसली.

मग नेटवर्क. कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात कसे, पॅकेट म्हणजे काय, पोर्ट ४४३ आणि पोर्ट ८० (मशीनमध्ये शिरायच्या क्रमांक दिलेल्या वाटा) यांत फरक काय. इथली एक लॅब मी कधीच वगळत नाही. लॅबमधल्याच एका साध्या, कुलूप नसलेल्या वेबपेजवर मुलांना खोटं नाव आणि खोटा पासवर्ड टाकून लॉगिन करायला लावते, शेजारी वायरशार्क हे नेटवर्कवरून जाणारी पॅकेट दाखवणारं टूल चालू असतं, आणि मग त्यांनाच त्या पॅकेटांमध्ये शोधायला सांगते. स्वतः टाइप केलेला पासवर्ड स्क्रीनवर जसाच्या तसा उघडा दिसतो तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. त्यानंतर ब्राउझरमधल्या त्या कुलपाच्या चिन्हाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुढे लिनक्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम, थोडी क्रिप्टोग्राफी (माहिती गुप्त करायचं शास्त्र), वेब सिक्युरिटी, कायदा आणि नीतिमत्ता, आणि शेवटी एखादा निवडीचा कोर्स, डिजिटल फॉरेन्सिक किंवा रिस्क मॅनेजमेंट असा काहीतरी. रिस्क मॅनेजमेंटला मुलं कंटाळवाणं म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. वॉनाक्राय आठवा, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा तो प्रोग्राम. १२ मे २०१७ ला ते पसरलं, दीडशेच्या आसपास देशांत कॉम्प्युटर बंद पडले, ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांत अपॉइंटमेंट आणि ऑपरेशनं रद्द करावी लागली. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं, दोन महिने आधी! मग लावलं का नाही? कोणाकडे जुन्या मशीन होत्या, कोणाला मशीन बंद ठेवायला वेळ नव्हता, कोणाला आपल्याकडे किती मशीन आहेत याचीच यादी माहीत नव्हती. यादी ठेवणं, कशाला आधी हात घालायचा हे ठरवणं, हे कंटाळवाणं वाटणारं कामच ऐन वेळी वाचवतं.

आणि एक धडा आतल्या माणसांचा असतो. कुंपणच शेत खातं तेव्हा बाहेरच्या भिंती कितीही उंच असून काय उपयोग, म्हणून कोणाला किती चाव्या द्यायच्या, नोकरी सोडून गेलेल्याचं खातं कधी बंद करायचं, हे सगळं त्यात येतं.

मला कोडिंग अजिबात येत नाही. चालेल?

चालेल. पायथॉनचा एक सुरुवातीचा कोर्स बहुतेक ठिकाणी आधी किंवा सोबत करावा लागतो, तो मन लावून करा. तुम्हाला मोठमोठं सॉफ्टवेअर लिहायचं नाहीये, दुसऱ्याने लिहिलेलं वाचता यायला हवं आणि लॉगच्या, म्हणजे मशीनने आपोआप लिहिलेल्या नोंदींच्या, हजार ओळींतून हव्या त्या दहा ओळी काढणारी वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिता यायला हवी. खरी भीती कोडची नसते, काळ्या टर्मिनलची असते, जिथे माउस नाही, फक्त टाइप करून हुकूम द्यायचे. ती दोन आठवडे रोज अर्धा तास बसलात की जाते, मी कित्येकांची गेलेली पाहिलीये.

गणित किती लागतं?

शाळेतलं गणित विसरला नसाल तर निभावतं. क्रिप्टोग्राफीत घड्याळाचं गणित येतं, म्हणजे ७ वाजल्यापासून ८ तासांनी १५ वाजत नाहीत, ३ वाजतात, तसलं. त्यावरच सगळा डोलारा उभा आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं आणि गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणं महाकठीण, या एका विषमतेवर १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी आरएसए ही माहिती गुप्त करायची पद्धत उभी केली, आणि त्यात वापरलेला मुख्य नियम ऑयलरने १८व्या शतकात सिद्ध केलेला होता. त्याच्या एक वर्ष आधी, १९७६ मध्ये, डिफी आणि हेलमन यांनी दाखवलं होतं की कधीच न भेटलेली दोन माणसं उघड्या रस्त्यावर बोलूनही एक गुपित ठरवू शकतात. मला आजही हे शिकवताना अंगावर काटा येतो.

मेजर गणित असेल तर तुम्ही इथे बाकीच्यांच्या पुढे असाल. नसेल तर काही बिघडत नाही, कशावर किती भरवसा ठेवायचा आणि कुलूप स्वतः बनवायला जायचं नाही एवढं कळलं तरी पुष्कळ.

लॅपटॉप कसला घ्यावा?

आहे तो वापरा. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे कॉम्प्युटर, चालवायच्या असतात म्हणून ८ जीबी रॅमवर ओढूनताणून होतं, १६ असेल तर सुखाने होतं. लॅबच्या मशीन असतातच.

हॅकिंग शिकवतात का? आणि ते शिकणं कायदेशीर आहे का?

शिकवतात, कारण चोराच्या वाटा माहीत नसतील तर राखण कशी करणार. पण हे उत्तर पूर्ण वाचा, अर्धं वाचून जाऊ नका.

सगळं परवानगीवर आहे. लॅबमध्ये मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या मशीन असतात, त्या फोडा, हजार वेळा फोडा. त्याच्या बाहेरच्या कुठल्याही मशीनला मालकाच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, मग तो हॉस्टेलचा वायफाय असो, मित्राचं खातं असो की कॉलेजची वेबसाइट. ‘मी फक्त बघत होतो’, ‘मी काही चोरलं नाही’, ‘मी त्यांना कळवणारच होतो’, ही वाक्यं कायद्यापुढे टिकत नाहीत. अमेरिकेत १९८६ चा कायदा आहे, ब्रिटनमध्ये १९९० चा, भारतात २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा, आणि परवानगीशिवाय शिरणं हाच यात गुन्हा आहे.

२ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस नावाच्या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने स्वतःहून पसरणारा एक प्रोग्राम सोडला. काही नासवायचा त्याचा इरादा नव्हता असंच मानलं जातं, पण पसरायचा वेग ठरवण्यात चूक झाली, एकाच मशीनवर तो पुन्हा पुन्हा चढत गेला आणि त्या काळच्या इंटरनेटवरच्या हजारो मशीन ठप्प झाल्या. अमेरिकेच्या त्या कायद्याखाली दोषी ठरलेला तो पहिला. इरादा चांगला की वाईट हे नंतर बघितलं जातं, नुकसान आधी झालेलं असतं. २०१६ मधला मिराई हा घातक प्रोग्रामही घ्या, घरोघरी लावलेल्या कॅमेऱ्यांचे कंपनीने दिलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते, तेवढ्यावर लाखो उपकरणं ताब्यात घेतली गेली, आणि लिहिणारी होती विशीच्या आसपासची तीन मुलं, त्यातला एक कॉलेजात शिकणारा. हुशारी होती, अडवणारं कोणी वेळेत भेटलं नाही.

माझ्या लॅबमधल्या एका अतिशय गुणी मुलाने उत्साहाच्या भरात हॉस्टेलचं नेटवर्क स्कॅन केलं. कोणाचं काही बिघडलं नाही, पण चौकशी झाली आणि त्याचं एक सेमिस्टर गेलं. मी त्या आठवड्यात परवानगीचा धडा पुढच्या तासाला घेणार होते. तेव्हापासून हा धडा मी पहिल्याच दिवशी घेते, टूल उघडायच्या आधी.

कधी घ्यावा, पहिल्या वर्षी की नंतर?

दुसऱ्या सेमिस्टरला ओळखीचा कोर्स घेऊन बघा, आवडला तर दुसऱ्या वर्षी मायनर जाहीर करा. नाही आवडला तर एक कोर्स झाला म्हणून सोडून द्या, तो वाया जात नाही, उघड्या डोळ्यांनी मेल वाचायला शिकलात तरी पुष्कळ झालं. तिसऱ्या वर्षी सुरू केलेलेही पूर्ण करतात पण धावपळ होते.

ऑनलाइन सर्टिफिकेट केलं तर मायनरची गरज काय?

दोन्ही वेगळ्या कामाचे आहेत. सर्टिफिकेट सांगतं की ठराविक गोष्टी तुम्हाला आज येतात. मायनरमध्ये ‘का’ विचारायला वेळ मिळतो, शिक्षक असतात, चुकायला मोकळी लॅब असते, वेगळ्या मेजरची पोरं शेजारी बसलेली असतात, आणि हा शेवटचा फायदा लोक मोजतच नाहीत. माझा सल्ला असा की मायनरचे तीन-चार कोर्स झाल्यावर सिक्युरिटी प्लससारखी सुरुवातीची परीक्षा द्या, अर्धा अभ्यास आधीच झालेला असतो. सीआयएसएसपी या अनुभवी लोकांच्या सर्टिफिकेटच्या मागे आत्ता लागू नका, त्याला पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, डिग्रीमुळे फार तर एक वर्ष कमी होतं.

आणि फक्त टूलची नावं घोकू नका. नेटवर्कवर कुठल्या मशीन आणि कुठले पोर्ट उघडे आहेत हे शोधणारं एनमॅप १९९७ पासून आहे, अजून वापरात आहे, पण ते चालवून आलेल्या उत्तराचा अर्थ कळणं हा अभ्यास आहे.

मायनरवर नोकरी मिळते का?

फक्त मायनरवर, थेट सिक्युरिटी इंजिनिअर म्हणून, क्वचित. खोटी आशा मी दाखवणार नाही. पण मेजरच्या क्षेत्रातच सिक्युरिटीला लागून असलेली कामं खूप आहेत: आयटी ऑडिट, डेटा प्रायव्हसी, फसवणूक शोधणं, कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग देणं, कंत्राटदारांची तपासणी, धोरणं लिहिणं. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा खासगी माहिती जपायचा कायदा लागू झाल्यावर प्रायव्हसीचं काम हा वेगळा पेशाच तयार झाला आणि त्यात कायदावाले, मॅनेजमेंटवाले, भाषावालेही आहेत. मुलाखतीत ‘मी मायनर केलाय’ एवढंच म्हणालात तर समोरचा मान डोलावतो आणि पुढे जातो. ‘मी अकाउंट्सची आहे आणि व्हेंडरचा बँक नंबर बदलायची मेल आली तर आमच्या डिपार्टमेंटने काय करावं याची पद्धत मी लिहून काढली’ असं म्हणालात तर तो खुर्चीत पुढे सरकून बसतो.

एआय आल्यावर हे सगळं शिकण्यात अर्थ राहिलाय का?

उलट काम वाढलंय. २०२४ मध्ये हाँगकाँगच्या पोलिसांनी सांगितलेलं प्रकरण आहे, एका कंपनीच्या कर्मचाऱ्याला व्हिडिओ कॉलवर साहेब आणि सहकारी दिसले, बोलले, आणि त्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. कॉलवरची ती माणसं खरी नव्हती. यावर उपाय काय? ओळखीच्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करायची आणि मोठी रक्कम एकट्याने मंजूर करायची नाही. उपाय जुनाच आहे, तो प्रत्येक ठिकाणी नीट बसवणारी माणसं कमी आहेत. लॉग वाचायला, कोड समजून घ्यायला एआय मदत करतं, मीही वापरते, पण त्याने दिलेलं उत्तर चुकलंय हे ओळखायला आधी स्वतःला यावं लागतं, आणि खरा डेटा, पासवर्ड, पेशंटची किंवा ग्राहकाची माहिती त्यात टाकायची नाही हेही कळावं लागतं.

मेजरचा अभ्यास सांभाळून झेपेल का?

झेपतं, एका सेमिस्टरला लॅबवाले दोन कोर्स घेऊ नका एवढंच. लॅबचा वेळ कागदावर दोन तास असतो, प्रत्यक्षात एखादी गोष्ट चालत का नाहीये हे शोधण्यात रात्र जाते. अडकलात तर अर्ध्या तासाने विचारा, चार तासांनी नाही.

आत्ताच, मायनर सुरू व्हायच्या आधी काय करू?

स्वतःचं घर आधी. पासवर्ड मॅनेजर घ्या, मेलच्या खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक खात्री, जसा फोनवरचा कोड) लावा, कारण मेल गेली की बाकी सगळ्या खात्यांच्या चाव्या गेल्या. घरच्या राउटरचा मूळ पासवर्ड बदला. मग ओव्हरदवायर या साइटवरचा बँडिट नावाचा खेळ सुरू करा, फुकट आहे, एकेक पायरी चढत लिनक्स आपोआप येतं. पिकोसीटीएफ पण चांगलं आहे, कार्नेगी मेलनने नवशिक्यांसाठीच बनवलंय. दोन्हीकडे उत्तरं शोधून कॉपी करता येतात, करू नका, अडकणं हाच त्यातला अभ्यास आहे. आणि एक वही ठेवा. काय टाइप केलं, काय झालं, काय वाटलं होतं, तारीख घालून लिहा, स्टोलने ठेवली होती तशी.

शेवटचा प्रोजेक्ट कसला घ्यावा?

मेजरच्या वर्गातून उचला. लायब्ररी सायन्सवाल्या एका मुलीने वाचकांच्या नोंदी किती काळ ठेवाव्यात यावर प्रोजेक्ट केला, कोणी काय वाचलं ही माहिती किती नाजूक असते हे आम्हा कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेती शिकणाऱ्या एकाने पाणी सोडणाऱ्या ऑटोमॅटिक पंपाचा पासवर्ड कोणी बदलतं का हे, परवानगी घेऊन, तपासलं. संगीतवाल्याने नक्कल केलेला आवाज कानाने ओळखता येतो का यावर काम केलं, आणि त्याच्या कानाला जे ऐकू येत होतं ते आम्हाला आलेख काढल्यावर दिसलं. तुमच्या विषयात अशी एखादी जागा असणारच. ती कुठली हे सापडत नसेल तर मेजरच्या सरांना किंवा मॅडमना एवढंच विचारा की आपल्या कामातली कुठली माहिती बाहेर गेली किंवा गुपचूप बदलली गेली तर तुम्हाला झोप लागणार नाही, आणि त्यांचं उत्तर लिहून घेऊन लॅबमध्ये या.